मेलेल्या नायकाची उगमकथा किती पुरवावी? ‘डेडमन’च्या बारा अंकांवरून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: वर्सोव्याच्या एका तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाला, नायक करून तुम्ही सुपरहिरो कॉमिक लिहिताय. भर समुद्रात त्याचा खून होतो आणि तो भूत होऊन परत येतो. खुनाची सगळी हकिकत पहिल्याच अंकात सांगून मोकळं व्हावं की मालिकाभर पुरवावी, इथे गाडं अडलंय. डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाच्या ‘डेडमन’ची उगमकथा नमुना म्हणून समोर ठेवावी का, हेही तुम्ही विचारलंय.

मी कॉमिक्सच्या पटकथा लिहितो, चित्रकारांसोबत बसून पानं बांधतो, आणि मेलेले नायक हा माझ्या खास आवडीचा विषय आहे. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. खून पहिल्या अंकात दाखवून टाका, अगदी उघडपणे. खुनाचं कारण मात्र शेवटाजवळ येईपर्यंत हाती लागू देऊ नका. आणि ते लागेल तेव्हा नायकाला ते अपुरं वाटलं पाहिजे. भुताच्या उगमकथेत ‘कसा मेला’ याला फारसं वजन नसतं. ‘मेल्यावरही का सुटला नाही’ याला असतं.

आता ‘डेडमन’. पहिली कथा ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’च्या २०५व्या अंकात आली, ऑक्टोबर १९६७. लेखक आर्नल्ड ड्रेक, चित्रं कार्माइन इन्फन्टिनो यांची. ड्रेक यांनी त्याआधी ‘डूम पट्रोल’ हे कॉमिक उभं केलं होतं, म्हणजे जगाने बाजूला टाकलेली, अंगात खोट असलेली माणसं लिहिण्यात त्यांचा हात बसलेला होता. नायक बॉस्टन ब्रँड. हिल ब्रदर्स सर्कशीतला झुल्यावरचा कसरतपटू. अंगात लालभडक घट्ट पोशाख, छातीवर मोठा ‘डी’, उभी कॉलर आणि तोंडाला प्रेतासारखा पांढराफटक रंग. ‘डेडमन’ हे त्याच्या खेळाचं नाव. भर खेळात, खच्चून भरलेल्या तंबूत, त्याला रायफलची गोळी लागते आणि तो कोसळतो. मग रामा कुष्णा नावाची विश्वशक्ती त्याच्याशी बोलते: आपला खुनी सापडेपर्यंत तू जिवंत माणसांत वावरशील आणि त्यांच्या अंगात शिरू शकशील. एकच धागा हाती लागतो, मारेकऱ्याच्या एका हाताच्या जागी लोखंडी आकडा आहे. अमेरिकेत त्याच सुमारास एका हाताच्या माणसाचा माग काढत फिरणाऱ्या डॉक्टरची टीव्ही मालिका गाजून संपली होती. शोधाचा तो साचा वाचकांच्या ओळखीचा होता, त्यामुळे ड्रेक यांना तो समजावून सांगण्यात पानं घालवावी लागली नाहीत.

त्या पहिल्या कथेत मी नेहमी दाखवतो ती गोष्ट गोळीच्या आधीची आहे. ब्रँड भला माणूस नाही. तो उद्धट आहे, तोंडाचा फाटका आहे, सर्कशीतल्या बहुतेकांशी त्याचं कधी ना कधी वाजलेलं आहे. सर्कस चालवणारी लॉर्ना हिल, आडदांड पहिलवान टायनी आणि भविष्य सांगणारा वाष्नू, अशा मोजक्यांशीच त्याचं नातं थोडं वेगळं आहे. गोळी सुटेपर्यंत वाचकाच्या मनात संशयितांची रांग लागलेली असते. पहिला तपासही सर्कशीच्या आडून चाललेल्या अमली पदार्थांच्या धंद्याकडे वळतो. कॉमिक्स कोडच्या, म्हणजे अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीच्या, मान्यतेचा शिक्का घेऊन अमली पदार्थांचा विषय छापणारी ती अगदी सुरुवातीची कथा मानली जाते. म्हणजे ज्याला त्याला ब्रँडला मारायचं काहीतरी निमित्त आहे. आणि खरा मारेकरी कोण निघतो? ज्याच्याकडे कसलंच निमित्त नाही तो.

हे कळतं दहा अंकांनंतर, २१५व्या अंकात, १९६८च्या अखेरीस. आकडेवाला ‘हुक’ हा मारेकऱ्यांच्या एका गुप्त संघटनेत शिरू पाहणारा माणूस. ब्रँडला मारणं ही त्याची प्रवेशपरीक्षा होती. ब्रँडशी त्याचं ना वैर, ना देणंघेणं. त्याहून वाईट म्हणजे ब्रँडचा जुळा भाऊ क्लीव्हलंड तोवर तोच लाल पोशाख घालून झुल्यावर उभा राहिलेला असतो. संघटनेचा म्होरक्या ‘सेन्सेई’ त्यामुळे असं धरून चालतो की हुकचा नेम चुकला, ब्रँड जिवंत आहे. आणि चुकलेल्या उमेदवाराची सजा म्हणून तो हुकला ठार करतो. ज्याच्यामागे ब्रँड इतका काळ वणवण फिरला, त्याला ब्रँडच्या डोळ्यांदेखत दुसराच कुणीतरी मारतो, आणि तेही ब्रँड मेलाच नाही या गैरसमजातून.

ही रचना शांतपणे वाचून बघा. सूड नाही, कबुली नाही, ‘मी तुला का मारलं’ असं खुन्याचं भाषण नाही. पुढच्या, २१६व्या अंकाचा सूर एवढाच आहे की खुनी तर गेला, मग मी अजून इथे का? वचन पुरं झालं, तरी सुटका नाही. माझ्या मते डेडमनची खरी उगमकथा इथे पुरी होते, २०५व्या अंकात ती फक्त सुरू होते. ऑक्टोबर १९६७ ते जानेवारी-फेब्रुवारी १९६९, बारा अंक. त्यानंतर ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’मधलं त्याचं सदर बंद पडलं, पण तोवर पात्र पक्कं उभं राहिलं होतं.

आता दुसरी टोकं बघा, म्हणजे तुमच्या तांडेलाला नेमकं काय लागू पडतं ते कळेल.

‘स्पेक्टर’ हा डेडमनच्या फार आधीचा. ‘मोअर फन कॉमिक्स’चा ५२वा अंक, फेब्रुवारी १९४०, लेखक जेरी सीगल आणि चित्रकार बर्नार्ड बेली. जिम कॉरिगन नावाच्या कडक पोलिसाला गुंड सिमेंटच्या पिंपात घालून पाण्यात बुडवतात. वरच्या लोकात त्याला प्रवेश मिळत नाही, एक अदृश्य आवाज त्याला परत पाठवतो. सुरुवात जबरदस्त आहे. पण कॉरिगनला जवळजवळ सर्वशक्तिमान करून ठेवलं. त्याच्या नजरेला नजर भिडली की गुंड संपला. खुन्यांचा हिशेबही लगेच चुकता झाला. मग पुढे लिहायचं काय? काही वर्षांत त्या गंभीर कथेला पर्सिव्हल पॉप नावाचा विनोदी हौशी गुप्तहेर जोडावा लागला, यावरून काय ते समजा. ज्याला काहीच अडत नाही त्याच्या गोष्टीला धार राहत नाही.

तिसरा आपल्या चांगल्याच ओळखीचा, वेताळ. टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सनी १९६४पासून फँटम भारतात आणला आणि मराठीत तो वेताळ म्हणून घरोघरी गेला. त्यात बंगाला या काल्पनिक देशाचं डेंकाली झालं आणि सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ला वर्तमानपत्रात सुरू केलेली ही चित्रमाला. सोळाव्या शतकात चाच्यांनी जहाज लुटलं, एकटा वाचलेला मुलगा किनाऱ्याला लागला, बांडर लोकांनी त्याला वाचवलं, बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो. ही उगमकथा एका दमात सांगता येते, आणि इंद्रजालच्या अंकांत ती कितीदा तरी दोन-तीन चौकटींत उरकलेली असायची. ते चालून जातं, कारण वेताळ भूत नाहीच. तो हाडामांसाचा माणूस, भूत आहे ते जंगलातल्या लोकांच्या मनात. तिथे उगम आरतीसारखा दरवेळी म्हणायचा असतो, त्यात रहस्य नसतं.

तुमचा तांडेल खरोखर मेलेला आहे. म्हणून वेताळाची रीत तुमच्या कामाची नाही आणि स्पेक्टरची वाट तुम्हाला घातक आहे. रचना डेडमनची घ्या.

रचना म्हणतो, नक्कल नव्हे. रामा कुष्णाचंच बघा. आपल्याला ते नाव वाचताच खटकतं. राम आणि कृष्ण एकत्र कालवून केलेलं नाव, जोडीला वाष्नू, शेवटच्या अंकात नंदा पर्बत नावाचं हिमालयातलं पवित्र ठिकाण. साठच्या दशकात अमेरिकेत पूर्वेकडच्या अध्यात्माचं जे वेड होतं, त्यातून हे आलंय, आणि त्यामागे अभ्यास फारसा दिसत नाही. तरीही एका बाबतीत ते देवत्व चोख काम करतं: रामा कुष्णा काहीच समजावून सांगत नाही. अट घालते आणि गप्प होते. अटीचा अर्थ ब्रँडला बारा अंक कळत नाही. नंदा पर्बतमध्ये तर त्याला पुन्हा जिवंत देह मिळतो, फक्त तिथून बाहेर पडलं की तो परत भूत होतो. आता सुखाने जगायचं की बाहेर जाऊन लढायचं, हे त्याला स्वतःला ठरवावं लागतं, आणि तो बाहेर पडतो. तोपर्यंत भूतपण त्याच्यावर लादलेलं होतं, इथे तो ते निवडतो. तुमच्या मालिकेत असा क्षण नसेल तर खुनी सापडला तरी उगमकथा पुरी झाली असं वाटणार नाही.

तुमच्याकडे मात्र उसनं देवत्व आणायची गरजच नाही. आपल्याकडच्या भुतांना प्रत्येकाची जागा आणि प्रत्येकाचे नियम आहेत. मुंज झाली, लग्न राहिलं आणि मेला तो मुंजा, तो पिंपळ सोडत नाही. चकवा वाट चुकवतो, पण रानातच. कोकणात देवचार आपापली हद्द राखतो. कुणालाही सगळीकडे मोकळं रान नाही. आणि अंगात येणं ही कल्पना तर आपल्या वाचकाला एका शब्दानेही समजावावी लागत नाही, डेडमनच्या अमेरिकन वाचकांना ती पहिल्या पानांवर शिकवावी लागली होती. हा तुमचा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका.

म्हणून आधी हद्द ठरवा. तुमच्या टिपणात तांडेल ‘कुठेही जाऊ शकतो’ असं लिहिलंय, ते आजच खोडा. मी असतो तर एकच नियम केला असता: भरतीचं पाणी जिथवर पोहोचतं तिथवरच तो जाऊ शकतो. मग पंचांग आणि समुद्र मिळून तुमची कथानकं देतील. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याची ताकद वाढते, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तो किनाऱ्याच्या चिखलातच अडकतो. पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की मुंबईच्या नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, रस्त्यांवर चढतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा आला की साऱ्या शहराचं लक्ष पाण्याकडे असतं. त्या दिवशी तुमचा तांडेल पहिल्यांदा समुद्र सोडून शहराच्या गल्लीत शिरेल. ज्या नाखव्यावर, म्हणजे बोटीच्या मालकावर, त्याचा संशय आहे त्याचं घर उंचावर असेल तर पाणी तिथवर चढेल तेवढीच वेळ हाती. यात थरार आहे आणि तो कुठूनही उसना आणलेला नाही.

दुसरी हद्द माणसांची. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. तांडेलाला सगळा समुद्र मोकळा, पण शिरायला अंगच नाही. दोन महिने त्याच्याशी बोलणारं कुणी नाही, त्याचा आवाज ऐकणारं कुणी नाही. हा अंक नीट लिहिलात तर वाचक त्याला विसरणार नाही. डेडमनमध्येही सगळ्यात जास्त टोचतं ते हेच: त्याला कुणी पाहत नाही, कुणी ऐकत नाही, आणि ज्याच्या अंगात तो शिरतो त्या माणसाला नंतर काही आठवत नाही. तो सोडून जातो तेव्हा तो माणूस भलत्याच जागी, भलत्याच भांडणात भानावर येतो. या शेवटच्या गोष्टीचा डेडमनमध्ये पुरता उपयोग झाला नाही असं मला नेहमी वाटतं. तुमच्याकडे ती जास्त पुढे नेता येईल. ज्या खलाशाच्या अंगात तांडेल शिरला, त्याला दुसऱ्या दिवशी वस्तीत तोंड दाखवायचंय. त्याच्या बायकोला काय वाटलं? कुणाची माफी मागावी लागली? त्या खलाशाला एक अख्खा अंक द्या.

आता चित्रकाराबद्दल, कारण भुताची गोष्ट चित्रातच जगते नाहीतर मरते. २०६व्या अंकापासून डेडमनची चित्रं नील अ‍ॅडम्स यांनी हाती घेतली. जाहिराती आणि ‘बेन केसी’ ही वर्तमानपत्रातली चित्रमाला यांतून आलेले असल्याने त्यांची माणसं खरी दिसायची, खांद्याला वजन असायचं, चेहऱ्यावरचे स्नायू हलायचे. भुताच्या गोष्टीत हे उलटं वाटेल, पण तिथेच खरी मेख आहे. भोवतालचं जग जितकं भरीव, तितकं भूत भूत वाटतं. त्यांनी पानाची चौकटही मोडली: तिरप्या कडा, चौकटीबाहेर पडणारं अंग, खालून किंवा वरून बघितलेली दृश्यं. झुल्यावरच्या माणसाला हे शोभतं. त्याला जमीन कधी लागतच नव्हती. मधले काही अंक जॅक मिलर यांनी लिहिले आणि पुढे अ‍ॅडम्स स्वतःही लिहू लागले, तरी पात्राचा तोल गेला नाही तो बराचसा या रेषेमुळे.

एक चौकट जवळून दाखवतो. २१६व्या अंकात डेडमन रामा कुष्णाला जाब विचारतो त्या भागात धुराच्या लाटा काढलेल्या आहेत. पान डोळ्यांच्या पातळीला आणून तिरपं धरलं की त्या लाटांत लांबवलेली अक्षरं वाचता येतात: हा स्टेरँकोचा परिणाम बरं का. तेव्हा मार्व्हलमध्ये जिम स्टेरँको असले दृश्यप्रयोग करून गाजत होते, त्यांना अ‍ॅडम्सनी दिलेली ही दाद. गंमत म्हणून सोडून देऊ नका. ज्या पानावर नायक ‘मी आहे तरी कुठे’ असं विचारतोय, त्याच पानावर वाचकालाही नेहमीच्या कोनातून जे दिसत नाही ते लपवून ठेवलंय. रूप आणि आशय इतके जवळ आलेले मी थोड्याच पानांवर पाहिलेत.

तुमच्या चित्रकाराला पहिल्या भेटीत एकच काम सांगा: तांडेल खलाशाच्या अंगात शिरतो ते चार चौकटींत काढून दाखव, एकही शब्द न वापरता. पहिलीत खलाशी आपला आपण, वल्ह्यावर वाकलेला, हनुवटी छातीशी. चौथीत तेच शरीर, तीच बनियन, पण मान ताठ, पाय फाकवून रोवलेले, डोळे आकाशाच्या कडेला वारा शोधणारे. मधल्या दोनांत काय घडलं ते दाखवण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, ती त्याच्यावर सोपवा. चकाकणारी वलयं आणि निळा प्रकाश आला तर तो चित्रकार अजून तुमच्या तांडेलाला ओळखत नाही. उभं राहण्यातला फरक काढला तर त्याला ठेवा. आणि अक्षरं लिहिणाऱ्याला सांगा की तांडेलाच्या बोलण्याच्या फुग्याचा शेपटा खलाशाच्या तोंडाकडे न जाता छातीकडे जाऊ दे. पहिल्या दोन अंकांत वाचकाला त्याची सवय लागली की पुढे कुठल्याही अंगात शिरला तरी सांगायची गरज नाही.

पोशाखाचा प्रश्नही इथेच सुटतो. ब्रँडला भुताचा पोशाख कुणी बहाल केला नाही. तो मरताना जे घातलं होतं त्यातच अडकला. लोकांना घाबरवून टाळ्या घ्यायला जो प्रेताचा रंग लावायचा, तोच कायमचा चेहरा झाला. तुमचा तांडेल काय घालून मेला? कमरेला रुमाल, गळ्यात काय, खांद्यावर कुठलं जाळं? तेच त्याचं रूप, आणि त्यातली एखादी वस्तू त्याची स्वतःची नसेल तर आणखी बरं. ती कुणाची, हा धागा तुम्हाला चौथ्या-पाचव्या अंकापर्यंत पुरेल.

पहिल्या अंकाचं माप विचारलंत, तर बावीस-चोवीस पानांत पहिली सात-आठ पानं तांडेल जिवंत हवा. त्या पानांत तो लोकांशी वाईट वागू दे: खलाशाची मजुरी अडवू दे, भावाशी बोटीच्या वाटणीवरून भांडू दे, नाखव्याला चारचौघांत खाली पाहायला लावू दे. मग खून, एका पानात, कुणी केला ते न दाखवता. नंतर तो स्वतःचं प्रेत बघतो ते दृश्य लांबवू नका, वाचकाने ते पूर्वी कुठे ना कुठे पाहिलंय. पाण्याच्या कडेशी येऊन त्याचं पाऊल अडतं आणि घर पन्नास पावलांवर असूनही जाता येत नाही, त्याला दोन पानं द्या. शेवटच्या पानावर पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंगात शिरू द्या, तेही चुकून, आणि ज्याच्या अंगात शिरला तो माणूस तांडेलाच्या मरणाने खूश झालेला असू द्या. दुसरा अंक तिथून सुरू होतो.

बारा अंक मिळतीलच असं नाही. सहा ठरवा, खुनी पाचव्यात सापडू द्या आणि सहावा अंक पूर्ण त्यानंतरचा ठेवा. प्रकाशक सहावा कापायला सांगेल, म्हणेल गोष्ट तर संपली. तेव्हा तुटेपर्यंत ताणा, पण तो अंक सोडू नका. जागा कमीच पडत असेल तर तिसरा आणि चौथा जोडून एक करा.